गोळी गिळून मोळी उचलू नका!

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बंधू-भगिनींना, खुरपणीला आणि दुधाच्या धारांना बसणाऱ्या मायमाउल्यांना, मुकादमांना, मेडिकल दुकानदारांना आणि आशाताईंना कळकळीची विनंती.

दसरा तोंडावर आला आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवर बोचकी बांधायला सुरुवात झाली आहे. उचल घेऊन झाली, टोळी ठरली, कारखाना ठरला. बोचक्यात तवा, पातेलं, ताडपत्री, कोयते, लेकरांचे स्वेटर जाणार. त्याच बोचक्याच्या कोपऱ्यात अंगदुखीच्या गोळ्यांच्या पट्ट्याही जाणार, हंगामभराची बेगमी म्हणून. हे आवाहन त्या पट्ट्यांबद्दल आहे. टोळ्या निघायच्या आत ते घरोघरी पोचायला हवं, म्हणून घाई.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहून बघा. "दादा, अंगदुखीच्या द्या," एवढंच मागणं असतं. कोण खाणार, बीपी आहे का, दिवस गेलेत का, आधीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीच विचारलं जात नाही. कात्रीने पट्टीचा तुकडा कापला जातो, दोन पांढऱ्या, एक पिवळी, सोबत पित्ताची एक, आणि पुडी हातात येते. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं पुरतं नाव राहत नाही, मुदत संपायची तारीख राहत नाही. डायक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड ही औषधं कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. तरीही ताप आलेल्या लेकराला घरातलीच अर्धी गोळी मोडून दिली जाते.

या गोळ्या दुखणं कसं थांबवतात, ते समजून घ्या, मग धोका आपोआप कळेल. शरीरात जिथे इजा होते तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि त्यांच्यामुळे ठणका लागतो. गोळी ती द्रव्यं बनूच देत नाही. पण हीच द्रव्यं जठराच्या आतलं अस्तर सांभाळतात आणि किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ चालू ठेवतात. एखाद्या दिवशी गोळी घेतली तर धडधाकट शरीर ते सोसतं. रोज घेतली, त्यातही उपाशीपोटी, तर जठराला व्रण पडतो आणि कधी आतल्या आत रक्त जातं. बीपी वाढतं. आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतली, तर घाव किडनीवर बसतो.

इथेच ऊसतोडीचं काम आणि ही गोळी यांची गाठ पडते. पहाटे अंधारात फडात जायचं, उन्हं वर येईपर्यंत आणि त्यानंतरही वाकून तोड करायची, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या. अंगातून घामाच्या धारा, आणि प्यायचं पाणी लांब. बाया तर मुद्दाम पाणी कमी पितात, कारण फडात आडोसा नसतो. म्हणजे किडनीला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ती कोरडी पडलेली असते आणि त्याच वेळी आपण तिचा रक्तपुरवठा आवळणारी गोळी गिळतो. ज्यांना बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी ही तिसरी गोळी फार घातक ठरते.

हे नुसतं भय घालणं नव्हे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा हे उसाचे देश आहेत. तिथले तरुण ऊसतोड मजूर किडनी निकामी होऊन गेली वीस-पंचवीस वर्षं मरत आहेत. मधुमेह नाही, बीपी नाही, वय तिशी-चाळिशीचं. ऊन, कष्ट, पाण्याची कमतरता यांकडे संशोधकांनी बोट दाखवलं आहे आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्यांवरही त्यांचा संशय आहे. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्याने तोडीच्या वेळात सावलीतली विश्रांती आणि पाणी वाढवलं, तेव्हा मजुरांच्या किडनीला होणारी इजा घटली. औषध कुठलंच वाढवलं नव्हतं. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात घातला गेला, ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, त्या जिल्ह्याने हे करून दाखवायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नाही.

आणि गिधाडं आठवा. पूर्वी मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरायचा, हे गावातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेलं आहे. दुखणाऱ्या जनावरांना डायक्लोफेनॅक दिलं जायचं, ते जनावर मेलं की त्याचं मांस गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. हे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आणि २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाचं शरीर गिधाडाइतकं हळवं नाही, हे खरं. पण गोठ्यासाठी ज्याच्यावर बंदी आली, ते औषध आपल्या घरात चण्या-फुटाण्यासारखं खाल्लं जातंय, याचा विचार व्हायला हवा.

दुखणं खोटं आहे, असं कुणी म्हणत नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली होती. शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जणांना सांधे, कंबर, स्नायू यांची दुखणी निघाली. भिगवण आपल्या कर्जत तालुक्याच्या शेजारचं, माती तीच, कामं तीच. तेव्हा "सहन करा" हे सांगणं क्रूरपणाचं आहे. मग करायचं काय?

पहिलं औषध शेक. पाठ, कंबर, मान, पिंढऱ्या, पाळीचं पोट, यांच्या जुन्या ठणक्याला उबेसारखा उतारा नाही. पाळीच्या दुखण्यावर तर २००१ मध्ये अमेरिकेत चाचणी झाली. पोटावर सतत सौम्य ऊब ठेवलेल्या बायकांना आयब्युप्रोफेनच्या गोळीइतकाच आराम पडला. आपल्याकडे त्यासाठी काही विकत आणायला नको. जाडं मीठ किंवा वाळू तव्यावर तापवा, जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा आणि सोसेल इतक्या उबेने पंधरा-वीस मिनिटं शेका. चुलीतली वीट फडक्यात गुंडाळली तरी चालते. ज्यांना साखर आहे आणि पायाला मुंग्या येतात किंवा पाय बधिर असतात, त्यांनी पायाला शेक अजिबात घेऊ नये. चटका कळत नाही, फोड येतो, जखम चिघळते.

निर्गुडी आपल्या जिल्ह्यात कुठे नाही? अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या ओढ्यांपर्यंत बांधाबांधावर आहे. जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही लावतात. एका देठाला तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चोळलं की उग्र वास येतो, निळसर-जांभळा तुरा येतो. दोन मुठी पानं घ्या, तव्यावर चमचाभर तिळाचं नाहीतर करडईचं तेल टाका, मंद आचेवर पानं मलूल होईपर्यंत परता आणि गरम असतानाच फडक्यात बांधून कमरेला, गुडघ्याला शेक द्या. पुरचुंडी निवली की पुन्हा तव्यावर टेकवायची. उंदरांवरच्या प्रयोगांत निर्गुडीचा सूज उतरवण्याचा गुण दिसला आहे, माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. बरंचसं काम ऊब आणि तेलाचा हात हेच करतात, असं मी मोकळेपणाने सांगते. पण त्यात जठर जळत नाही, किडनी सुकत नाही आणि पैसा लागत नाही. एरंडाचं पान तेल लावून, गरम करून गुडघ्यावर बांधण्याची रीतही तशीच बिनधोक आहे. पान वरून बांधायचं, एरंडाच्या बिया मात्र कधीही तोंडात घालायच्या नाहीत. त्या विषारी असतात.

ताजा मुरगळा असेल, पाय टम्म सुजला असेल, तर पहिले एक-दोन दिवस शेक नको आणि चोळणं तर नकोच. माठातल्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल तर हाडाचा फोटो काढून घ्या.

सुंठीवर भरवसा ठेवायला जागा आहे. इराणमध्ये २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत सुंठपूड घेतलेल्या मुलींना आयब्युप्रोफेन आणि मेफेनामिक ॲसिड या गोळ्यांइतकाच उतार पडला. पाव ग्रॅमची पूड, दिवसातून चार वेळा, म्हणजे एकूण अर्ध्या चमच्याच्या आसपास. गुळाबरोबर घ्या, चहात घ्या. मेफेनामिक ॲसिडबद्दल तर २०२३ मध्ये भारताच्या औषध आयोगानेच सावधगिरीची सूचना काढली होती. काही जणांना त्याने अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा होते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सुंठ-हळदीचा मारा डॉक्टरांना न विचारता करू नका.

हळदीच्या बाबतीत मात्र गैरसमज फार आहे. २०१९ मध्ये आपल्याच देशात गुडघेदुखीच्या १३९ रुग्णांवर अभ्यास झाला. हळदीतून काढलेलं कर्क्युमिन घेतलेल्यांना डायक्लोफेनॅकइतकाच आराम मिळाला आणि पोटाचा त्रास कमी झाला. पण ते अर्क काढून बनवलेलं औषध होतं आणि कोण काय घेतंय हे रुग्णांना ठाऊक होतं. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन शेकडा तीन भागांच्या आसपास असतं. तेव्हा हळद-दूध अवश्य प्या, पण त्याने गुडघा बरा होईल अशा आशेवर राहू नका.

गुडघ्याचं खरं औषध मांडीतल्या ताकदीत आहे. ओट्यावर किंवा खाटेवर पाय खाली सोडून बसा, एक पाय गुडघ्यात सरळ करा, दहा अंक मोजेपर्यंत ताठ धरा, खाली सोडा. एका पायाने दहा वेळा, मग दुसऱ्या. सकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा. सहा-आठ आठवडे नेमाने केल्यावर फरक जाणवतो, चार दिवसांत नाही. उकिडवं बसून धार काढणाऱ्या बायांनी बुटकं स्टूल घ्यावं. कंबरदुखीतून उठलेल्यांना नियमित चालायला लावलं, तर पुढचं दुखणं जवळजवळ दुप्पट काळ लांबतं, हे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. तेव्हा कंबर धरली की दिवसच्या दिवस आडवं पडून राहू नका.

दातदुखीत लवंग दाढेखाली धरा, त्यातल्या युजेनॉलने दात बधिर होतो. पण किडलेला दात लवंगेने बुजत नाही, तेवढ्या उसंतीत डॉक्टर गाठा. डोकं दुखलं तर आधी दोन तांबे पाणी, काहीतरी खाणं आणि सावली. महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस डोकेदुखीची गोळी घेणाऱ्यांचं डोकं पुढे गोळीमुळेच दुखायला लागतं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

आता नैसर्गिक म्हणून जे काही खपवलं जातं, त्याबद्दल तितक्याच कळकळीने सांगायचं आहे. सांध्यावर बिब्बा लावू नका, त्याचं तेल कातडी जाळतं. डाग देणं, चटके देणं थांबवा, लेकरांना तर कदापि नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजर अधू होऊ शकते. दात दुखतो म्हणून लावलेली मिश्री ही जाळलेली तंबाखूच असते. पुढे दात राहतो बाजूला आणि तोंडाचा कॅन्सर होतो. माझ्या ओळखीतल्या किती बायांची मिश्री अशीच दाढेच्या निमित्ताने सुरू झाली आणि जन्माला चिकटली!

जत्रेत, बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या "गावठी" पुड्यांपासून लांब राहा. एका पुडीत रात्रीतून गुडघे मोकळे होत असतील, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा दाट संशय घ्या. असल्या पुड्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि अचानक बंद केल्या तर माणूस कोसळतो. झाडपाल्याचं औषधही औषधच असतं. डॉ. चोप्रांच्याच गटाने सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांच्या औषधांची गुडघेदुखीवर ४४० रुग्णांमध्ये रीतसर तुलना केली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ही औषधं आधुनिक गोळीच्या बरोबरीने उतरली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासात काहींच्या रक्तात लिव्हरवर ताण आल्याची खूण वाढलेली दिसली आणि त्यांची औषधं थांबवावी लागली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती. वाद काहीही असो, पोटात घ्यायचं असेल ते वैद्याला दाखवूनच घ्यावं. वरून लावणं, शेकणं आणि व्यायाम यांना मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही.

गोळी घ्यावीच लागली तर? साध्या पॅरासिटामॉलने जठर आणि किडनीला त्या मानाने कमी धोका असतो. पण २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही धडधाकट माणसाची शेवटची हद्द आहे. किरकोळ अंगाच्या आणि दारू पिणाऱ्या माणसाची हद्द त्याच्याही पुष्कळ खाली येते. अंगदुखीच्या बऱ्याच जोडगोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, हेही लक्षात ठेवा. ताप असताना डेंग्यूची शंका असेल तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांना हात लावू नका, रक्तस्राव होतो. गरोदर बाईने पॅरासिटामॉलसुद्धा विचारून घ्यावं. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी चालू असेल, तर हे आवाहन वाचून ती मनाने बंद करू नका.

आता मुकादमांना आणि कारखान्यांना. एक खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीच्या दुसऱ्या दिवशी बाई दोन गोळ्या खाऊन फडात उतरते. ठणका, अंगावरून जाणं, गोळ्या, पुन्हा ठणका या फेऱ्याला कंटाळून शेजारच्या बीड जिल्ह्यात बायांनी गर्भाशयच काढून टाकले. तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती २०१९ मध्ये विधिमंडळात दिली गेली. आपल्या पाथर्डी-जामखेडच्या बाया त्यांच्याच बहिणी आहेत आणि त्याच फडात राबतात. पाळीचा एक दिवस खाडा न लावता द्या. फडात पाण्याचा टँकर द्या, ताडपत्रीची सावली द्या, चार बांबू आणि कापड लावून आडोसा करा, म्हणजे बाया पाणी प्यायला धजतील. मोळी हलकी बांधू द्या, फेरी एखादी वाढेल, पण मान आणि मणके शाबूत राहतील. हा सारा खर्च एका खेपेच्या उसापुढे काहीच नाही.

मेडिकल दुकानदारांनो, गावात लोक तुम्हाला डॉक्टरसाहेब म्हणतात. त्या विश्वासाला जागा. चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक देऊ नका, पुड्या बांधू नका, पट्टी कापलीत तर नाव आणि तारीख असलेला तुकडा गिऱ्हाइकाला द्या. आणि एकच प्रश्न विचारा: "मावशी, बीपीची, साखरेची गोळी चालू आहे का?"

आशाताईंनो आणि बचत गटांच्या अध्यक्षांनो, तुमच्यावर माझी सगळ्यात जास्त भिस्त आहे. याच जिल्ह्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा गावच्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. त्या कामासाठी या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला यायला लागले. आरोग्याचं ज्ञान गावच्या बाईच्या हातात राहू शकतं, हे आपल्या जिल्ह्याने जगाला शिकवलं आहे. टोळी निघायच्या आधी वस्तीवर एक संध्याकाळ बायांना बसवा. निर्गुडीची पुरचुंडी त्यांच्यासमोर बांधून दाखवा, मांडीचा व्यायाम करून घ्या, बीपी मोजून घ्या. प्रत्येकीच्या बोचक्यात गोळ्यांच्या पट्ट्यांऐवजी जाडं मीठ, तिळाच्या तेलाची बाटली, सुंठ आणि दोन लिटरची पाण्याची बाटली जाईल असं बघा.

आणि काही दुखणी अशी असतात की त्यांना ना शेक चालतो ना गोळी. छातीत दाबल्यासारखं होऊन हाताकडे, जबड्याकडे कळ जाणं. काळी, डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी. लघवी अगदी कमी होणं, पाय-चेहरा सुजणं. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं. अचानक उठलेली, आजवर कधी नव्हती अशी डोकेदुखी. पोटाच्या दुखण्याबरोबर ताप. यातलं काही झालं तर वेळ न दवडता १०८ ला फोन करा. फडात असाल तरी करा, राज्यात कुठेही असाल तरी करा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. टोळी निघायच्या आत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जाऊन या, बीपी आणि साखर तपासून घ्या, आणि घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.